हरपलेली वाचा आणि पॉल ब्रोका

सकाळी झोपेतून उठताना घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा उजवा हात लुळा पडतो, तोंड किंचित वाकडे होते आणि बोलू पाहताच एखादे निरर्थक अक्षर तेवढे बाहेर पडते. रुग्णालयातून घरी परतल्यावर चालणे हळूहळू सुधारते, हातातही थोडे बळ येते. पण शब्द परत येत नाहीत. चहा हवा असताना तोंडून पाणी जाते, होकाराच्या जागी नकार येतो. भेटायला येणारी मंडळी मग त्यांच्याशी बोलण्याऐवजी त्यांच्यादेखतच त्यांच्याविषयी बोलू लागतात. वाचा गेली म्हणजे समजही गेली, असे कोणी उघड म्हणत नाही; पण सारे ते गृहीत धरून चालतात. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात वाचाघात म्हणतात. पक्षाघाताचा झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला तो कमी-अधिक प्रमाणात येतो.

या व्याधीचा अभ्यास ज्या नावापासून सुरू होतो, ते नाव म्हणजे फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका. मेंदूच्या डाव्या भागातील बोलण्याशी निगडित असलेला प्रदेश आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञांची व अभियंत्यांची नावे कोरली आहेत, त्यांत ब्रोका यांचे नाव आहे. मात्र मेंदूतील एका जागेचा शोध एवढीच त्यांची ओळख करून देणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. वाणी हरपलेला माणूस बोटांनी, खुणांनी, चेहऱ्याने कसा बोलतो, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून बारकाईने टिपून ठेवले होते. त्यांच्या कार्याचा हा दुसरा पैलू पुढे शंभर वर्षे जवळजवळ दुर्लक्षितच राहिला.

डॉक्टरांच्या घरातला मुलगा

पॉल ब्रोका यांचा जन्म २८ जून १८२४ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील सँत-फ्वा-ला-ग्रांद या लहानशा गावी झाला. घराणे प्रोटेस्टंट पंथाचे. कॅथलिकबहुल फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेल्या या समाजात शिक्षणाला आणि स्वतंत्र विचाराला मोठा मान होता. वडील गावातच वैद्यकी करीत. त्याआधी त्यांनी नेपोलियनच्या सैन्यात शल्यविशारद म्हणून काम केले होते. आई धर्मोपदेशकाची मुलगी. पॉल अभ्यासात अतिशय हुशार निघाला. वयाच्या सतराव्या वर्षी तो पॅरिसला वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला आणि सहाध्यायी अजून परीक्षांच्या तयारीत असताना विसाव्या वर्षी त्याने हे शिक्षण पूर्णही केले.

तो काळ पॅरिसच्या वैद्यकाच्या वैभवाचा होता. मोठमोठ्या रुग्णालयांत हजारो गोरगरीब दाखल होत. जिवंतपणी त्यांची लक्षणे लिहून ठेवायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून त्या लक्षणांचे मूळ शरीरात शोधायचे, ही तिथली शिस्त होती. ब्रोका या शिस्तीत तयार झाले. सूक्ष्मदर्शक यंत्र अनेक नामवंत डॉक्टरांना अजून अनावश्यक खेळणे वाटत असताना त्यांनी त्याचा उपयोग कर्करोगाच्या अभ्यासासाठी केला आणि कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांतून पसरू शकतात, हे दाखवून दिले. धमन्यांना येणाऱ्या फुगवट्यांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह अदेल लुगोल यांच्याशी झाला. आयोडीनच्या ज्या द्रावणाला आजही लुगोलचे द्रावण म्हणतात, ते तयार करणाऱ्या डॉक्टर लुगोल यांची ही कन्या. या दांपत्याला तीन अपत्ये झाली आणि दोन्ही मुलगे पुढे वैद्यकीय क्षेत्रात प्राध्यापक झाले.

स्वभावाने ब्रोका उदारमतवादी आणि प्रजासत्ताकाचे समर्थक होते. १८५९ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये मानववंशशास्त्राची संस्था स्थापन केली, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारला तिच्यात राजद्रोहाचा वास आला. परवानगी मिळाली, पण बैठकीला पोलीस खात्याचा माणूस हजर राहील, या अटीवर. माणसाच्या उत्पत्तीवर, कवट्यांवर आणि मेंदूवर चालणाऱ्या चर्चा ऐकत तो बिचारा कोपऱ्यात बसून राही. याच संस्थेच्या बैठकीत १८६१ साली वाणीच्या प्रश्नाला तोंड फुटले.

वाणीची जागा कोणती?

मेंदूच्या वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी कामे असतात की सारा मेंदू एकसंधपणे काम करतो, हा वाद तेव्हा जुनाच झालेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्झ योझेफ गाल यांनी कवटीवरील उंचवट्यांवरून स्वभाव ओळखता येतो, असा सिद्धांत मांडला होता. पुढे त्याचे रूपांतर डोके चाचपून भविष्य सांगण्याच्या धंद्यात झाले आणि गंभीर अभ्यासक त्यापासून दूर झाले. तरीही गाल यांची एक कल्पना तग धरून राहिली. वाणीचे स्थान मेंदूच्या पुढच्या भागात आहे, असे ते म्हणत. पॅरिसमधील ज्येष्ठ डॉक्टर जाँ-बातिस्त बुइयो १८२५ पासून या मताचा हिरिरीने पुरस्कार करीत होते.

१८६१ च्या सुरुवातीला मानववंशशास्त्र संस्थेत हा वाद नव्याने पेटला. मेंदूचे सुप्रसिद्ध अभ्यासक ग्रात्योले यांचे म्हणणे असे की, मेंदूचे असे तुकडे पाडता येणार नाहीत. त्यांच्या विरोधात बुइयो यांचे जावई एर्नेस्त ओब्युर्तां उभे राहिले. वाचा गेलेला, पण मेंदूच्या पुढच्या भागाला कोणतीही इजा नसलेला एक जरी रुग्ण दाखवला, तरी आपण आपले मत सोडून देऊ, असे आव्हान त्यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिले. ब्रोका या चर्चेत सचिवाच्या नात्याने उपस्थित होते. त्यांचे मत अजून पक्के झालेले नव्हते.

आणि अवघ्या काही दिवसांत, ११ एप्रिलला, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील त्यांच्या शल्यविभागात एका रुग्णाला आणले गेले. उजव्या पायाला गँगरीन झालेला हा माणूस ५१ वर्षांचा होता. रुग्णालयात सारे त्याला ‘ताँ’ म्हणत, कारण काहीही विचारले तरी तो हेच एक अक्षर दोनदा उच्चारी. त्याचे खरे नाव होते लबोर्न.

एकवीस वर्षे आणि एक अक्षर

लुई व्हिक्तोर लबोर्न याच्याविषयी इतिहासकारांना पुष्कळ काळ फारशी माहिती नव्हती. अलीकडे, २०१३ मध्ये, जुन्या दप्तरांच्या आधारे त्याची ओळख पूर्णपणे उजेडात आली. तो मोरे या नदीकाठच्या गावी जन्मला होता आणि पॅरिसमध्ये जोडे बनवण्यासाठी लागणारे लाकडी साचे तयार करण्याचा व्यवसाय करीत असे. तरुणपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत. तिशीत त्याची वाचा गेली आणि तो बिसेत्रला दाखल झाला. तिथे तो एकवीस वर्षे राहिला. पहिल्या दहा वर्षांनंतर उजवा हात आणि मग उजवा पायही निकामी होत गेला. शेवटची सात वर्षे त्याने अंथरुणातच काढली.

शल्यविशारद म्हणून ब्रोका यांच्यासमोर प्रश्न होता तो सडत चाललेल्या पायाचा. रुग्ण वाचणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. तरीही पुढचे काही दिवस त्यांनी या माणसाशी संवाद साधण्याचा चिकाटीने प्रयत्न केला आणि त्याची नोंद ठेवली. लबोर्नला ऐकू नीट येत होते. बोललेले बरेचसे समजत होते. उत्तर देताना तोंडून तेच एक अक्षर निघे, पण त्याचे स्वर बदलत आणि त्याच्या जोडीला डाव्या हाताचे हावभाव असत. बिसेत्रमध्ये किती वर्षे झाली, असे विचारल्यावर त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडून दाखवला आणि मग एक बोट वर केले. म्हणजे एकवीस वर्षे. उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर आले. तिसऱ्या खेपेला मात्र आपली परीक्षा घेतली जात आहे, हे लबोर्नने ओळखले. तो संतापला आणि त्याच्या तोंडून एक अख्खी शिवी बाहेर पडली.

या प्रसंगात वाचाघाताचे सारे सार सामावलेले आहे. आकड्याचा शब्द सापडत नव्हता, पण आकडा डोक्यात शाबूत होता. डॉक्टरांचा हेतू ओळखण्याइतकी जाण होती आणि अपमान वाटण्याइतका स्वाभिमानही. शिवी तोंडातून कशी निघाली, याचेही आज स्पष्टीकरण देता येते. ठरवून, जुळवून बोलण्याची यंत्रणा निकामी झाली, तरी सवयीने घोटलेले बोल अनेकदा शिल्लक राहतात. स्वतःचे नाव सांगू न शकणारा रुग्ण एक ते दहा आकडे ओळीने म्हणतो, पाठ असलेली आरती सुरात गातो, हा अनुभव अनेक घरांतून येतो. फ्रेंच कवी शार्ल बोदलेअर यालाही १८६६ मध्ये वाचाघात झाला, तेव्हा त्याच्यापाशी उरलेले बोल म्हणजे एक शिवीच होती. शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींचा त्यामुळे गैरसमज झाला.

१७ एप्रिलला लबोर्नचा मृत्यू झाला. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू मानववंशशास्त्र संस्थेच्या बैठकीत मांडला. डाव्या बाजूच्या पुढच्या भागात, खालच्या वळीत, कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी पडली होती. ओब्युर्तां यांचे म्हणणे खरे ठरत होते.

पाच शब्दांचे गृहस्थ

एका रुग्णावरून निष्कर्ष काढणे ब्रोका यांना धाडसाचे वाटत होते. तोच त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मांडीचे हाड मोडलेले लेलाँ नावाचे एक वृद्ध त्यांच्याकडे आले. वय ८४. आयुष्यभर त्यांनी मातीकाम केले होते. दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा गेली होती. लबोर्नच्या आजाराचे मूळ कारण निश्चित सांगता येत नाही. लेलाँ यांचे दुखणे मात्र आजच्या अर्थानेही पक्षाघाताचेच होते.

त्यांच्यापाशी पाच शब्द उरले होते. हो, नाही, नेहमी, तीन या अर्थाचा एक मोडका शब्द आणि स्वतःचे अर्धवट नाव. कोणताही आकडा सांगायचा झाला की ते तीनच म्हणत. पण त्याच वेळी बोटांनी खरा आकडा दाखवून आपली चूक आपणच दुरुस्त करीत. मुले किती, या प्रश्नावर तोंडाने तीन आले, बोटे चार वर झाली. त्यांत मुलगे किती आणि मुली किती, हे विचारता दोन्ही वेळा तोंडाने पुन्हा तीन आणि बोटे दोन-दोन. घड्याळ दाखवले तेव्हा दहा वाजले होते. त्यांनी दहा बोटे दाखवली. वय सांगताना आधी आठ आणि मग चार बोटे उभी केली. व्यवसाय विचारला तेव्हा दोन्ही हातांनी फावडे धरून माती उपसून टाकण्याची क्रिया करून दाखवली.

वृद्ध गृहस्थ काही दिवसांतच, नोव्हेंबरमध्ये, वारले. त्यांच्याही मेंदूत नेमक्या त्याच जागी इजा सापडली. विज्ञानाच्या इतिहासात या दोन शवविच्छेदनांना जे स्थान मिळाले, ते योग्यच आहे. पण पूरक आणि पर्यायी संवादसाधने या नावाने आज जे शास्त्र ओळखले जाते, त्याच्या दृष्टीने लेलाँ यांची बोटे अधिक मोलाची आहेत. शब्द चुकीचा येत आहे हे रुग्णाला कळते, त्याला खरे उत्तर माहीत असते आणि दुसरी वाट मिळाली तर तो ते देऊ शकतो, हे त्या बोटांनी सांगितले. ब्रोका यांनी ती बोटे मोजली, तपासून घेतली आणि लिहून ठेवली. घाईत असलेला दुसरा एखादा डॉक्टर तोंडातून निघालेला तीन हा शब्द ऐकून रुग्णाला बुद्धिभ्रंश झाल्याचा शेरा मारून पुढे गेला असता.

डावा मेंदू

ब्रोका यांनी या व्याधीला एक ग्रीक वळणाचे नाव दिले होते. ते टिकले नाही. १८६४ मध्ये त्रूसो यांनी सुचवलेला अफेजिया हा शब्द रूढ झाला आणि मराठीत आपण त्याला वाचाघात म्हणू लागलो.

१८६३ पर्यंत ब्रोका यांच्याजवळ आठ रुग्णांच्या नोंदी जमल्या. सर्वांमध्ये इजा डाव्या बाजूलाच होती. मेंदूचे दोन्ही अर्ध दिसायला सारखे असताना काम मात्र वेगवेगळे कसे करतील, या विचाराने ते स्वतःच गोंधळले आणि त्यांनी निष्कर्ष राखून ठेवला. १८६५ मध्ये मात्र त्यांनी ठाम विधान केले की, बहुतेक माणसांत बोलण्याचे काम मेंदूचा डावा अर्ध करतो. याच सुमारास श्रेयाचा वादही उद्भवला. दक्षिण फ्रान्समधील मार्क दाक्स नावाच्या डॉक्टरांनी १८३६ सालीच अशा रुग्णांत इजा डावीकडे असते, असा निबंध लिहिला होता, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे होते. हा निबंध १८६५ मध्ये छापला गेला. आज इतिहासकार या शोधाच्या संदर्भात दोघांचीही नावे घेतात.

त्याच १८६५ च्या लेखनात ब्रोका यांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारला. डावा भाग गेला, तर उजव्याने ते काम का शिकू नये? लहान मूल बोलायला शिकते ते आईच्या अथक सहवासात, चुकत-माकत, वर्षानुवर्षे. वाचा गेलेल्या प्रौढासाठी एवढा वेळ कोण देतो? काही रुग्णांना पुन्हा अक्षरे आणि शब्द शिकवण्याचे प्रयत्न त्यांनी केले. यश मर्यादित होते. तरी या रुग्णांना शिकवता येते, त्यांच्याबाबत हात टेकण्याचे कारण नाही, हा विचार त्यांनी त्या काळात मांडला, ही गोष्ट लहान नाही.

१८७४ मध्ये जर्मनीतील कार्ल वेर्निके यांनी दुसऱ्या प्रकारच्या वाचाघाताचे वर्णन केले. त्यात रुग्ण घडाघडा बोलतो, पण बोलणे अर्थहीन असते आणि दुसऱ्याचे बोलणे नीट समजत नाही. वाणी ही एका कप्प्यात ठेवलेली वस्तू नसून अनेक भागांना जोडणाऱ्या धाग्यांचे विणकाम आहे, हे त्यानंतर हळूहळू स्पष्ट होत गेले. ब्रोका यांनी लबोर्न आणि लेलाँ यांचे मेंदू न कापता अखंड जतन करून ठेवले होते. या दूरदृष्टीमुळे २००७ मध्ये एमआरआय यंत्राने त्यांची पुन्हा तपासणी करता आली. इजा पृष्ठभागावरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ खोलवर, मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेली होती. ब्रोका यांचा नकाशा काहीसा दुरुस्त झाला, आणि तोही त्यांनीच जपून ठेवलेल्या पुराव्यामुळे.

थोर शोधकाची काळी बाजू

ब्रोका यांचे चरित्र इथेच थांबवले, तर ते अपुरे राहील. आयुष्याचा फार मोठा भाग त्यांनी माणसांच्या कवट्या मोजण्यात घालवला. त्यासाठी नवनवी उपकरणे तयार केली. पेरू देशात सापडलेल्या एका प्राचीन कवटीला जिवंतपणीच छिद्र पाडले गेले होते, हे त्यांनी ओळखले; शल्यविद्येच्या इतिहासात ही नोंद महत्त्वाची आहे. परंतु कवटीचे आकारमान आणि मेंदूचे वजन यांवरून वंशावंशांची व स्त्री-पुरुषांची बुद्धी ठरवता येते, असेही ते मानत. पॅरिसच्या रुग्णालयांत त्यांनी २९२ पुरुषांचे आणि १४० स्त्रियांचे मेंदू तोलले. सरासरी अनुक्रमे १३२५ आणि ११४४ ग्रॅम भरली. स्त्रियांची शरीरयष्टी लहान असते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही या फरकाचा काही भाग बुद्धीच्या उणेपणामुळे आहे, असे त्यांनी ठरवून टाकले. आकडे प्रामाणिक होते. त्यांतून काढलेले निष्कर्ष आधीच ठरलेले होते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८१ मध्ये आपल्या ग्रंथात या पद्धतीचे सविस्तर वाभाडे काढले. या मोजमापांचा आधार घेऊन पुढच्या पिढ्यांनी किती माणसांना कमी लेखले, याचा हिशेब करणे कठीण आहे.

एकच माणूस एका खाटेशी इतका सजग आणि दुसऱ्या टेबलाशी इतका आंधळा कसा? लबोर्नच्या बाबतीत त्यांनी वरवरच्या लक्षणावरून बुद्धी ठरवली नाही. त्याला विचारले, उत्तराची वाट पाहिली, पुन्हा विचारले. कवट्यांना काही विचारता येत नाही. तिथे बोलणारा एकटा मोजणाराच असतो. ब्रोका यांच्या आयुष्यातून घेण्यासारखा धडा कदाचित हाच आहे.

फेब्रुवारी १८८० मध्ये फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने त्यांना तहहयात सिनेटर केले. हा मान त्यांना फार काळ उपभोगता आला नाही. ९ जुलै १८८० रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे पॅरिसमध्ये आकस्मिक निधन झाले.

बोटांपासून संगणकापर्यंत

ब्रोका यांच्यानंतर अभ्यासकांनी मेंदूचे नकाशे काढण्यात शतक घालवले. रुग्णाने रोजच्या आयुष्यात बोलायचे कसे, या प्रश्नाकडे लक्ष गेले ते बऱ्याच उशिरा. १९७३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी गाण्याच्या चालीवर छोटी वाक्ये म्हणवून घेण्याची उपचारपद्धती मांडली. उरलेल्या सुरांच्या आधाराने हरवलेल्या शब्दांपर्यंत पोहोचायचे, ही त्यामागची कल्पना.

दुसरी वाट होती शब्दांना बगल देण्याची. लिहून दाखवा, असे वाचाघाताच्या रुग्णाला सांगून भागत नाही, कारण बिघाड जिभेत नसून भाषेतच असतो. बोलता येत नाही तसे बहुधा नीट लिहिताही येत नाही. म्हणून १९७६ मध्ये हॉवर्ड गार्डनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे आणि खुणा असलेल्या पत्त्यांची एक भाषा तयार केली. तीव्र वाचाघात झालेले काही रुग्ण हे पत्ते मांडून प्रश्नांना उत्तरे देऊ शकले, आपली इच्छा सांगू शकले. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे हीच कल्पना संगणकाच्या पडद्यावर आली. पडद्यावरील चित्रे निवडायची, ती ओळीने लावायची आणि वाक्य तयार करायचे. आज भ्रमणध्वनीवर आणि टॅब्लेटवर मिळणारी चित्रांची संवादसाधने याच घराण्यातील आहेत.

मात्र प्रयोगशाळेत यंत्र उत्तम चालवणारा रुग्ण घरी गेल्यावर ते कपाटात ठेवून देतो, असाही अनुभव आला. ढीगभर चित्रांतून हवे ते शोधायला वेळ लागतो आणि समोरच्या माणसाला तेवढा धीर नसतो. दरम्यान १९७८ मध्ये अमेरिकेत एक वेगळी उपचारपद्धती मांडली गेली. तिच्यात उपचारक आणि रुग्ण आळीपाळीने एकमेकांना काहीतरी नवे सांगतात आणि त्यासाठी हातवारे, रेखाटन, मोडका शब्द, काहीही चालते. कॅनडातील टोरोंटो येथे ऑरा केगन यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी रुग्णांना नव्हे, तर त्यांच्याशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले. हळू बोलावे, एका वेळी एकच गोष्ट विचारावी, महत्त्वाचा शब्द कागदावर ठळक लिहावा, उत्तरासाठी हो-नाहीच्या खुणा समोर ठेवाव्यात, आणि आपल्याला समजले ते बरोबर आहे ना, हे पडताळून पाहावे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की, शिकले स्वयंसेवक, पण आपले म्हणणे पोहोचवण्यात सुधारणा झाली ती रुग्णांची.

मेंदूत बसवलेल्या विद्युतपट्ट्यांतून बोलण्याचा इरादा ओळखणारी यंत्रे २०२१ पासून गाजत आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी मेंदूच्या देठातील पक्षाघातामुळे पूर्ण मूक झालेल्या रुग्णांचे शब्द अशा रीतीने पडद्यावर आणले आणि २०२३ मध्ये त्यांना संगणकीय आवाजही दिला. हे यश मोठे आहे. पण या रुग्णांची भाषा शाबूत होती. स्नायूंवरचा ताबा तेवढा गेला होता. वाचाघातात शब्दच सापडत नाहीत, म्हणून तिथला प्रश्न अधिक अवघड आहे. कोणतेही यंत्र आणले तरी समोर एक थांबणारा, विचारणारा आणि पडताळून पाहणारा माणूस लागतोच.

ब्रोका यांचा स्वतःचा मेंदूही मृत्यूनंतर पॅरिसमध्ये बरणीत जतन केला गेला. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी तो तिथल्या संग्रहालयात पाहिला आणि १९७९ च्या आपल्या पुस्तकाला त्याचेच नाव दिले. बरणीतल्या त्या मेंदूवरून ब्रोका यांच्या मनात काय होते, ते कोणालाही सांगता येणार नाही. लबोर्नच्या मनातले मात्र आपल्याला थोडेसे ठाऊक आहे, कारण त्याला कोणीतरी विचारले होते आणि त्याची बोटे मोजली होती. आपल्या घरी, शेजारी एखादे माणूस असे शब्दांवाचून बसले असेल, तर त्याच्याविषयी बोलण्याआधी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसावे. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, एक साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. तोंडातून चुकीचा शब्द आला, तर त्याच्या हाताकडे पाहावे. खरे उत्तर कदाचित तिथे असेल.